लहान गाडीचा मोठा आवाज

'लहान गाडी म्हटली की आवाज यायचाच, सर.' हे वाक्य पंजाबपासून तेलंगणापर्यंत प्रत्येक छावणीत मी ऐकलं आहे. म्हणणारा बहुतेक वेळा यमुना एक्सप्रेसवेवरून किंवा समृद्धीवरून कुटुंबाला घेऊन सुटीवरून परतलेला असतो, आणि पुढचे दोन दिवस त्याचं डोकं जड असतं. मला हे वाक्य अजिबात मान्य नाही.

पन्नासच्या वर वेग गेला की गाडीत येणारा बराचसा आवाज इंजिनाचा नसतो, टायर आणि रस्ता यांचा असतो. तो दोन वाटांनी आत शिरतो. एक हवेतून, दरवाजांच्या रबरांमधून आणि चाकाच्या कमानीच्या पातळ पत्र्यातून. दुसरी वाट सस्पेन्शनमधून सांगाड्यात, आणि तिथून घुमत थेट कानात. आडव्या खाचा मारलेल्या काँक्रीटवर हाच आवाज वाढतो, डांबर लागलं की उतरतो. वेग तोच, इंजिन तेच, फक्त रस्ता बदलला. दोष कुठे आहे हे ओळखायला एवढी चाचणी पुरते. वळणावर डावी-उजवीकडे भार गेल्यावर घूंऽऽ कमी-जास्त होत असेल, तर मात्र व्हील बेअरिंग तपासा. तो आवाज लपवायचा नसतो.

आता दुकानदारांकडे वळू. कुठल्याही शहरातल्या ॲक्सेसरीच्या गल्लीत जा, पहिला सल्ला एकच: 'पूर्ण डॅम्पिंग करून घ्या.' ब्युटाइलचे चिकट पत्रे छतापासून डिकीपर्यंत. जवानाच्या भरलेल्या पिट्ठूएवढं वजन गाडीवर चढतं, खिसा हलका होतो, आणि टायरची घरघर बऱ्यापैकी तशीच राहते. कारण हा पत्रा कंपन मारतो, आवाज अडवत नाही. पॅनेलच्या मधल्या तिसऱ्या हिश्शावर लावला तरी त्याचं बरंचसं काम होतं. बाकीचा पैसा मागच्या कमानीत फेल्टचं अस्तर आणि दरवाजाच्या फाटक्या रबरांवर घाला. दार बंद करताना कागदाची पट्टी मध्ये धरा. ती सहज ओढून निघाली तर तिथूनच वारा बोलतो आहे.

त्याआधी टायर. करवतीसारखी झिजलेली नक्षी बेअरिंग गेल्यासारखी घुमते. कंपनीने सांगितलेलाच दाब ठेवा, तोही थंड टायरमध्ये. पंपावरचा पोरगा 'हायवेला जाताय ना' म्हणत चार पौंड जास्त भरतो, त्याला थांबवा. दर दहा हजार किलोमीटरला चाकं फिरवून घ्या. आणि दिसायला भारी म्हणून रुंद, कमी उंचीचे टायर बसवू नका. त्यांनी घुमणं आणि दणके दोन्ही वाढतात.

पण सगळं मालकानेच का करायचं? युरोपात 2012 पासून टायरच्या लेबलवर बाहेरच्या आवाजाचा आकडा डेसिबलमध्ये छापावा लागतो. आपल्याकडे मायलेजचा आकडा जाहिरातीत ठळक, सनरूफचा फोटो त्याहून मोठा, आणि ऐंशीच्या वेगाला केबिनमध्ये किती डेसिबल, हे शोरूममधल्या कुणालाही सांगता येत नाही. स्वस्त मॉडेलमधून बॉनेटखालचं अस्तर आणि मागच्या कमानीचं आवरण गुपचूप काढलं जातं. किंमतपत्रकावर त्याची ओळ नसते. डेसिबल लॉगॅरिदमिक असतात. तीन वाढले की ऊर्जा दुप्पट, दहा वाढले की कानाला साधारण दुप्पट मोठा. तीन-चार डेसिबलला 'किरकोळ' म्हणणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं.

उपाय म्हणून म्युझिकचा आवाज वाढवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. तोफखान्यात आम्ही कानात बोळे घातल्याशिवाय तोफेजवळ उभे राहत नाही, आणि इथे माणूस चारशे किलोमीटर एका आवाजावर दुसरा आवाज चढवत जातो. मागून अँब्युलन्स आली तर ती ऐकू येत नाही. पाचव्या तासाला मागच्या सीटवरचं मूल काय म्हणतंय हेही कळत नाही, आणि तोवर गाडी चालवणारा इतका थकलेला असतो की त्याला ते कळायची इच्छाही उरत नाही.

पुढच्या वेळी शोरूममध्ये गेलात की टेस्ट ड्राइव्ह गल्लीत घेऊ नका. काँक्रीटच्या रस्त्यावर घ्या, म्युझिक बंद, एसी बंद, काचा वर, ऐंशीचा वेग. सेल्समन बोलू लागला तर त्याला गप्प बसायला सांगा.