शब्बाथ शाळा मोठ्यांचीही : हावड्यातील मराठी ख्रिस्ती कुटुंबांना आवाहन



रविवारची उपासना संपली की आपला क्रम ठरलेला असतो. मुलांना शब्बाथ शाळेच्या, म्हणजे संडे स्कूलच्या, वर्गात बसवायचे आणि आपण आवारात कुल्हडातला चहा घेत बदल्या, गावाकडच्या बातम्या, गाडीचे आरक्षण यावर बोलत थांबायचे. गप्पांना आमची हरकत नाही. पण वर्गातून बाहेर आलेले पोर वाटेत विचारते, देवाने काइनाचे अर्पण का नाकारले? आणि आपण ‘पुढच्या रविवारी टीचरला विचार’ म्हणून सुटका करून घेतो. चाळीस वर्षे मंडळीत असलेली माणसेसुद्धा हबक्कूक काढायला सांगितले की आधी अनुक्रमणिका उघडतात. दोष एकेकट्याचा नाही. बाप्तिस्मा, दृढीकरण झाले की शिकणे आटोपले, असा रिवाजच पडून गेला आहे.

इंग्लंडातल्या ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्स यांनी 1780 मध्ये रविवारची शाळा सुरू केली ती आठवडाभर कामाला जुंपलेल्या पोरांसाठी. म्हणून ती मुलांची, हे डोक्यात बसले. वेल्समध्ये मात्र थॉमस चार्ल्स यांच्या शाळांत बापेबायाही शिकायला बसत. आपल्याकडेही मोठ्यांसाठी असा वर्ग हवा.

‘पवित्र शास्त्र घरात आहे, रोज वाचतो, मग वर्ग कशाला?’ असे कोणी म्हणेल. त्याने पंडिता रमाबाईंचा अनुभव पाहावा. 1878 मध्ये वीस वर्षांच्या रमाबाई भावासह कलकत्त्यात आल्या. इथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. याच शहरात एका ख्रिस्ती मेळाव्यात त्यांच्या हाती संस्कृत बायबल पडले. संस्कृत त्यांचे मुखोद्गत. तरी पुस्तक वाचून काही उमगेना, वाचणे म्हणजे वेळ फुकट घालवणे, असे त्यांना वाटले. पुढे सिलचरला बंगालीतले लूकचे शुभवर्तमान त्यांना घरातच सापडले, आणि ॲलन नावाच्या मिशनऱ्याने उत्पत्तीचा पहिला अध्याय समजावून दिला. तेव्हा कुठे गोडी लागली. त्याच रमाबाईंनी नंतर हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला सगळे शास्त्र सोप्या मराठीत आणले. 1922 मध्ये मरण येईतो त्या या कामात होत्या. एवढ्या विदुषीला समजावून देणारे कोणी लागले, तिथे आपली काय कथा!

शिवाय आपण राहतो कुठे ते पाहा. हावड्याहून लोकलने अर्ध्यापाऊण तासावर श्रीरामपूर आहे. तिथे विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठी नवा करार तयार केला आणि 1811 मध्ये मोडी लिपीत छापला. हुगळीच्या काठी छापलेला मराठी करार, आणि हुगळीच्या काठचे आपण मराठी लोक ते पुस्तक कपाटावर ठेवून देतो, हे बरे दिसत नाही.

या वर्गाची सुरुवात रूथच्या पुस्तकाने करावी, असे आम्ही सुचवतो. चार अध्याय, चार रविवार. मुलांच्या वर्गात रूथ म्हणजे सासूला न सोडणारी गुणी सून, एवढ्यावर भागते. मोठ्यांसाठी त्यात बरेच काही आहे. परमुलखात पोटापाण्यासाठी गेलेले घर आपल्याला परके नाही. दुसऱ्या अध्यायात रूथ सातूच्या शेतात सरवा वेचते. तो गरिबाचा आणि परक्याचा हक्क होता, हे लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायाशी ताडून पाहिले की कळते. चौथ्या अध्यायात वेशीवर वडीलधाऱ्यांसमोर जमिनीचा व्यवहार होतो. जवळचा नातलग आधी शेत सोडवायला तयार होतो. पण शेताबरोबर विधवेची जबाबदारी आणि वतनाचे नुकसान येणार हे कळताच माघार घेऊन पायातली वहाण काढून देतो. शेतीच्या वाटण्या पाहिलेल्या माणसाला हे प्रकरण कोणत्याही प्रवचनापेक्षा लवकर कळेल, आणि तो जे प्रश्न काढेल ते पोरांना सुचणारही नाहीत.

भाषेचा बाऊ नको. आजीने मराठी प्रत आणावी, सुनेने हिंदी, नातवाने बंगाली. ज्यांची रविवारी ड्युटी असते, त्यांच्यासाठी आठवड्यातली एखादी संध्याकाळ एखाद्या घरी ठेवता येईल. पाळकसाहेबांना विनंती, की वर्गाचे दुसरे प्रवचन होऊ देऊ नये. निम्मा वेळ प्रश्नांना द्यावा. आणि ज्यांना अज्ञान उघडे पडेल अशी भीती वाटते, त्यांनी तर पहिल्या रांगेत बसावे.

येत्या रविवारी उपासनेनंतर लगेच चहाकडे वळू नका. आपापल्या पाळकसाहेबांना भेटून प्रौढांच्या वर्गासाठी नाव द्या. वर्ग नसेल तर तो काढायची मागणी करा. रूथचा पहिला अध्याय घरून वाचून या, आणि चष्मा विसरू नका.