शेजारची शाळा कोणासाठी?

मुलाची शाळा घराजवळ असावी, या म्हणण्यास कोणाचीच हरकत असणार नाही. परंतु या साध्या तत्त्वाचा आधार घेऊन अन्यायही करता येतो, हे महाराष्ट्रातील एका प्रकरणाने दाखवून दिले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी, अल्पसंख्याक संस्था वगळता, प्रवेशाच्या वर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना विनामूल्य द्यावयाच्या असतात. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी शाळांना या बंधनातून मुक्त केले. शहरांत अशी शाळा बहुधा हाकेच्या अंतरावर असतेच. तेव्हा ही सूट म्हणजे कायद्यालाच दिलेली रजा होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी हा बदल रद्द केला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. या निर्णयाचे आम्ही स्वागत करतो.

शेजारशाळेची कल्पना कोठारी आयोगाने (१९६४-६६) मांडली, ती नेमक्या उलट हेतूने. परिसरातील सर्व मुलांनी, जात वा उत्पन्न न पाहता, एकाच शाळेत शिकावे, असे आयोगाचे म्हणणे होते. वजनदार पालकांचे मूल ज्या शाळेत बसते, तिचे गळके छप्पर फार काळ गळत राहत नाही, हे त्यामागचे व्यवहारी सत्य. महाराष्ट्र शासनाने त्यातील ‘शेजार’ तेवढा उचलला आणि ‘सर्व’ सोडून दिले.

सरकारी शाळा ओस पडत असताना खासगी शाळांच्या शुल्काची प्रतिपूर्ती तिजोरीतून का करावी, हा प्रश्न गैरवाजवी नाही. पण सधन घरातील मूल त्याच सरकारी शाळेवरून रोज बसने पुढे जाते. त्याला कोणी अडवीत नाही. अंतराची अट आडवी येते ती मोलमजुरी करणाऱ्याच्या मुलाला. ज्या नियमाचा भार केवळ गरिबाने वाहावयाचा, त्याला काटकसर म्हणता येणार नाही.

हा प्रश्न आम्हांला परका नाही. कर्नाटकाने २०१९ मध्ये हाच मार्ग धरला, तेथील उच्च न्यायालयाने तो मान्य केला आणि राखीव जागा झपाट्याने घटल्या. बेळगावचे मराठी पालकही त्याच नियमाच्या कक्षेत आले. गोमंतकात माध्यमाचा वाद २०११ पासून पुन्हा पेटता राहिला; पण अनेक सरकारी मराठी प्राथमिक शाळांत ज्यांना दुसरा पर्याय परवडत नाही त्यांचीच मुले उरत चालली आहेत, या वर्गभेदाची चर्चा त्या मानाने झालीच नाही.

आमचे म्हणणे इतकेच. राखीव जागांची सोडत उघडपणे व्हावी, शाळांची प्रतिपूर्ती वेळेवर मिळावी आणि प्रवेशासाठी देणगी व मुलाखत यांना कायद्याने केलेली मनाई प्रत्यक्षात पाळली जावी. त्याचबरोबर सरकारी शाळेस पुरेसे शिक्षक द्यावेत. ती शाळा इतकी चांगली व्हावी, की सुखवस्तू शेजाऱ्यालाही आपले मूल तेथे पाठवावेसे वाटेल. तोवर २५ टक्क्यांचे हे अरुंद दार बंद करण्याचा अधिकार कोणत्याही शासनास नाही.