पाटी त्यांची, दगड आपले



घाटाच्या रस्त्याला 'ऐतिहासिक स्थळ' अशी पाटी दिसली की वाचा, नाव कुणाचं असतं ते. राजाचं, सरदाराचं, नाहीतर गोऱ्या साहेबाचं. डोंगरात राहणाऱ्याचं नाव आम्ही तरी अजून वाचलेलं नाही.

आपल्या जालना जिल्ह्यातलं असई घ्या. २३ सप्टेंबर १८०३ ला इथं इंग्रजांच्या वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. त्याचीही दीड हजारावर माणसं मेली, जखमी झाली. विलायतेतल्या पलटणींनी आपल्या निशाणावर 'असई' हे नाव लावलं, वर हत्तीचं चित्र काढलं. त्याच साली दख्खनमधे दुष्काळ पडला, फौजांच्या लुटालुटीनं तो आणखी वाढला. त्यात भुकेनं मेलेल्यांचं निशाण कुठंय?

पण त्या लढाईतली एक गोष्ट आपण पाठच करावी. केळणा नदी ओलांडायची होती. वाटाडे म्हणाले, इथं उतार नाही. वेलस्लीनं पाहिलं, नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं. गावं अशी वसलीत म्हणजे उतार असणारच, असं त्यानं धरलं. उतार निघाला, फौज पार झाली. वस्तीच्या पुराव्यावर त्यानं सगळी फौज पाण्यात घातली, कागद एक नव्हता! आणि आज आमची घरं, विहिरी, मसणवटा डोळ्यासमोर असताना दाव्यावर शेरा येतो, 'पुरावा अपुरा'.

बरं, कागदच पाहिजे तर तोही आहे. १८२५ साली इंग्रजांनी कन्नडला भिल्लांसाठी एजन्सी काढली. ह्याच सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेतल्या भिल्लांना काबूत आणायला. खाली या, जमीन कसा, तगाई घ्या, असं सांगितलं. म्हणजे आम्ही डोंगरात होतो हे सरकारदप्तरीच लिहिलेलं आहे. तेव्हा वनखातं जन्मलंही नव्हतं. मग अतिक्रमणदार कोण?

वनहक्क कायदा २००६, त्याच्या नियमांतला १३ वा नियम काढून बघा. जुन्या विहिरी, दफनाच्या जागा, देवाची ठिकाणं हे पुरावे म्हणून त्यात लिहिलेत. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. असे एकाहून जास्त पुरावे लागतात, एकावर थांबू नका.

तेव्हा वनहक्क समितीनं स्थळपाहणीला जाताना म्हातारी माणसं बरोबर न्यावी. शेंदराचा दगड, पडकं जोतं, बुजलेली विहीर, मसणवटा, सगळं कच्च्या नकाशावर घ्यावं. कोणता दगड कुणाच्या आज्यानं मांडला ते त्यांच्याच बोलीत लिहावं, अंगठे घ्यावे, ग्रामसभेत वाचून ठराव करावा. नकाशाची एक नक्कल गावात ठेवा. ग्रामसभेच्या ठरावाला उपविभागीय समितीनं नकार दिला, तर कारण लेखी मागा आणि ६० दिवसांच्या आत जिल्हा समितीकडे अर्ज टाका.