सनद मिळाली, पुढे काय?

पोरगा किंवा पोरगी वकील झाली की आता घरात पैसा येणार, असे आईबापांना वाटते. पण एकट्याने वकिली करणाऱ्याची पहिली दोन-तीन वर्षे कोरडीच जातात, हे घरच्यांनी आधीच समजून घ्यावे. बाबासाहेबांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली, तरी १९२५ पासून त्यांना बाटलीबॉय यांच्या संस्थेत शिकवावे लागले.

सनदेसाठी जादा पैसे भरू नका. सुप्रीम कोर्टाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालाप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींना नोंदणी फी १२५ रुपये, इतरांना ७५०. स्टँप ड्युटी लागली तर वेगळी.

भाड्याच्या ऑफिसची घाई नको, घरातला कोपरा पुरे. डायरी मात्र रोज लिहा. तारीख चुकली की दावा काढून टाकला जातो आणि पक्षकार पुन्हा तोंड दाखवत नाही. फी आधी ठरवून पावती द्या, नातेवाइकांनाही (तिथेच खरी अडचण!). निकालाच्या रकमेत वाटा ठरवणे नियमात बसत नाही. कोर्ट फीचे पैसे वेगळ्या वहीत मांडा.

तीन वर्षे झाली की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसाठी अर्ज करा. मानधन थोडे, पण उलटतपासणीचा हात बसतो.