लस म्हणजे कॉलेजचा गेटपास नव्हे!

"बूस्टर? आता कोण विचारतंय, डॉक्टर?"

२०२२ साली कॉलेजची मुलं-मुली मला सर्रास असं म्हणायची. सगळं दुखणं या 'कोण विचारतंय'मध्येच आहे.

२० ऑक्टोबर २०२१ ला महाराष्ट्रातली कॉलेजं उघडली. अठरा वर्षांवरच्या विद्यार्थ्यांना दोन डोस सक्तीचे होते, म्हणून सगळे धावले. १० एप्रिल २०२२ पासून अठरा वर्षांवरच्या सर्वांना तिसरा, म्हणजे 'प्रिकॉशन डोस' खासगी केंद्रांत मिळू लागला. १५ जुलैपासून ७५ दिवस तो सरकारी केंद्रांत फुकटही होता. पण गेटवर कोणी अडवत नव्हतं, त्यामुळे माझ्याकडची बहुतेक मुलं तिकडे फिरकली नाहीत. कोविशिल्ड जिथे तयार झाली त्या पुण्यातच, ऑक्टोबर २०२२ मध्ये, सीरमचे अदर पूनावाला यांनी सांगितलं की बूस्टरला मागणीच नाही आणि सुमारे १० कोटी डोस मुदत संपून वाया गेले.

पुणेकरांना हे नवीन नाही. चौकात पोलीस दिसला की हेल्मेट डोक्यावर, चौक गेला की हँडलला!

"मी तरुण आहे, मला काय होणार?" हा युक्तिवाद अर्धा बरोबर आहे. निरोगी विशीतल्या मुलाला कोविड गंभीर होण्याचा धोका कमीच असतो. त्याने दर वर्षी कोविडचा बूस्टर घ्यावा, असं मीही आज म्हणणार नाही. पण विचार करून 'नको' म्हणणं वेगळं आणि विचारच न करणं वेगळं. मधुमेह असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या तरुणाचं उत्तर निराळं असू शकतं.

आणि बूस्टर फक्त कोविडचा नसतो. धनुर्वाताचं घ्या. सरकारी वेळापत्रकात १० आणि १६ व्या वर्षी 'टीडी'चा डोस आहे. ही लस धनुर्वात आणि घटसर्प या दोन्हींसाठी असते. पुढे दर दहा वर्षांनी बूस्टर घ्यायचा. पहिले डोस शरीराला धडा शिकवतात, बूस्टर म्हणजे उजळणी. उजळणी न करता परीक्षेला बसल्यावर काय होतं, हे विद्यार्थ्यांना मी काय सांगायचं?

धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. तो माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे इतरांनी लस घेतली म्हणून तुम्ही वाचत नाही. तरी गाडीवरून पडून आलेल्या मुलाला "शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं?" विचारलं की तो आईला फोन लावतो. आईलाही आठवत नाही. कोविडचं प्रमाणपत्र मात्र मोबाईलमध्ये जपून ठेवलेलं असतं!

दोष एकट्या मुलांचा नाही. प्रमाणपत्र दाखवा, आत या, एवढंच आपण त्यांना शिकवलं. लस का घ्यायची, तिचा परिणाम किती टिकतो, हे सांगायला सरकार, कॉलेजं आणि आम्ही डॉक्टरही कमी पडलो.

आता एवढं करा. लहानपणीचं लसीकरण कार्ड शोधा आणि त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. १६ व्या वर्षीचा टीडी झाला का, हे घरी विचारा. कार्ड सापडलं नाही किंवा शंका असेल, तर जखम होण्याची वाट न पाहता आपल्या फॅमिली डॉक्टरांना भेटा. कोणी विचारत नसलं, तरी तुम्ही विचारा.