हबला हात लावून बघा

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे 'वंगण' हा शब्द मला थर्ड सेमला कळला. ग्रीस म्हटलं की लगेच कळतं. म्हणून जसं बोलते तसंच लिहितेय. विषयही तसाच आहे, काळ्या हातांचा.

आपल्या मागच्या गेटबाहेर जे गॅरेज आहे, तिथे दुपारनंतर एक मामा बसलेले असतात. गॅरेज भाच्याचं. मामा एसटीच्या डेपोतून हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झाले. हॉस्टेलची निम्मी जनता त्यांना 'हवा भरणारे मामा' एवढंच ओळखते. माझं स्पष्ट मत असं, की मेंटेनन्स या विषयात त्यांच्याइतकं कळणारा माणूस आपल्या कॅम्पसच्या आसपास दुसरा नाही. (सरांनी राग मानू नये. सरांची गाडीसुद्धा तिथेच येते!)

एकदा त्यांनी आम्हा चौघींना विचारलं, फेरी करून बस डेपोत आली, तर आधी काय बघाल? आम्ही हुशार पोरी. कोणी म्हणाली इंजिन, कोणी म्हणाली स्कॅनर लावू. मामा म्हणाले, "पोरींनो, आधी हबला हात लावून बघा."

म्हणजे काय, तर गाडी थांबल्या थांबल्या तिच्याभोवती एक चक्कर मारायची आणि प्रत्येक चाकाच्या हबजवळ हाताची मागची बाजू न्यायची. एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापलाय? मग तिथला ब्रेक धरून राहतोय, नाहीतर बेअरिंग जायला लागलंय. आणि एक हब बाकीच्यांपेक्षा गार आहे? आपण म्हणतो, छान! मामा म्हणतात, हा जास्त वाईट. कारण तिथला ब्रेक लागतच नाहीये आणि त्याच्या वाटणीचं काम बाकीची चाकं करतायत. ड्रायव्हरला पायाखाली काही जाणवत नाही. जाणवतं ते घाटात.

मला हे ऐकून अक्षरशः गप्प व्हायला झालं. हीट ट्रान्सफरमध्ये आपण कंडक्शन, कन्व्हेक्शन, रेडिएशन सगळं पाठ करतो, पण 'चार चाकं एकमेकांशी ताडून बघ' हे कुठल्या जर्नलमध्ये लिहिलंय? ना थर्मामीटर, ना सेन्सर. तुलना हेच इन्स्ट्रुमेंट! (आपल्या बाइकच्या डिस्कला मात्र बोट लावू नका. ती चांगलीच भाजते.)

आता घाटाचं घ्या. पंधरा टनांची बस 600 मीटर खाली उतरली, तर एमजीएच काढून बघा. सुमारे 88 मेगाज्यूल. ही सगळी एनर्जी कुठेतरी जायलाच हवी. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ती ड्रम आणि लायनरमध्ये जाते, लायनर तापून गुळगुळीत होतो आणि पकड सुटते. म्हणून जुने ड्रायव्हर ज्या गिअरमध्ये घाट चढतात त्याच गिअरमध्ये उतरतात, म्हणजे अर्धं काम इंजिन करतं.

आणि आपण? दर पावसाळ्यात हॉस्टेलमधून आंबोलीला गाड्या निघतात. डबल सीट, कधी ट्रिपल. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल, काही महाभाग तर इंजिनच बंद करतात! दोन माणसं आणि स्कूटर मिळून 250 किलो धरा. त्याच 600 मीटरला जवळजवळ दीड मेगाज्यूल होतात. साडेचार लिटर पाणी उकळीला येईल एवढी उष्णता त्या छोट्याशा ब्रेकमध्ये. स्कूटरला तर गिअर टाकायची सोयही नाही, इंजिनची मदत बेताचीच. म्हणून ब्रेक सतत दाबून धरायचा नाही. दोन्ही ब्रेक मिळून लावायचे, सोडायचे, मध्ये थांबून गार होऊ द्यायचे. डिस्कवाल्यांसाठी आणखी एक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नव्या डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो, पाणी मुरल्यावर तो 155 पर्यंत खाली येऊ शकतो. ते उकळलं की नळीत वाफ होते आणि लिव्हर हँडलपर्यंत सहज येतो. गाडी थांबत नाही. दोन वर्षांनी ऑइल बदलायला पिझ्झ्याइतकाही खर्च येत नाही.

मामांकडे असं बरंच आहे. बसच्या एअर टँकमधलं पाणी रोज सकाळी कॉक उघडून काढायचं, पावसाळ्यात तर नक्कीच. चाकाचे नट समोरासमोरचे आवळायचे आणि थोडी गाडी चालली की पुन्हा पाना लावायचा. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी, म्हणजे पाना बॉडीला लागला तरी ठिणगी नाही. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, गाडी चालूच करायची नाही. प्रत्येक गोष्टीमागे कारण आहे, आणि विचारलं तर ते सांगतात.

माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. एसटीसारख्या ठिकाणी दर दहा हजार किलोमीटरमागे किती ब्रेकडाऊन झाले, असा हिशेब ठेवतात. म्हणजे मामांचं सगळं करिअर मोजलं गेलं ते न घडलेल्या गोष्टींवर. बस बंद पडली नाही, बातमी झाली नाही, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आपल्याकडे मार्क मिळतात ते दिसणाऱ्या गोष्टींना. एक्झिबिशनमध्ये गो-कार्ट फिरवली की बक्षीस. तीच गो-कार्ट सध्या वर्कशॉपमागे चारही टायर बसलेल्या अवस्थेत उभी आहे, तिचं कोणाला काही नाही.

काही जण म्हणतील, आता इलेक्ट्रिकचा जमाना, हे ज्ञान जुनं झालं. एसटीची 'शिवाई' 2022 पासून धावतेय, मान्य. उतारावर मोटरच जनरेटर होते आणि ब्रेकला मदत करते, तेही मान्य. पण बॅटरी फुल्ल असली की ती मदत कमी होते. आणि टायर, बेअरिंग, व्हील नट, ब्रेक तर आहेतच की. बॅटरीच्या वजनाने गाडी हलकी नक्कीच झालेली नाही.

म्हणून आमची मागणी अशी. इन-प्लांट ट्रेनिंगच्या नावाखाली आपण ओळखीतल्या कंपनीचं सर्टिफिकेट आणतो, ते बंद करा. मेकॅनिकलच्या प्रत्येकाला पंधरा दिवस डेपोत पाठवा, रात्रपाळीसकट. मुलींनाही. 'तिथे सोय नाही' हे उत्तर आम्हाला आधीच मिळालंय. सोय करायला सांगणं हे कॉलेजचं काम आहे, आणि एच.ओ.डी. सरांना आम्ही ते लेखी दिलंय.

ते होईपर्यंत आंबोलीला जाणाऱ्या गाड्या आदल्या शनिवारी मागच्या गेटला आणा. चार वाजल्यानंतर मामा मोकळे असतात. ब्रेक आणि टायर बघायचे ते पैसे घेत नाहीत. चहा मात्र आपण पाजायचा, आणि तो बिनसाखरेचा.