राखेवर खटला, घाईला जामीन

पुनर्विकासात गेलेल्या इमारतींच्या व्हॉट्सॲप गटांवर, मग त्या बोरिवलीच्या असोत की मुलुंडच्या, काँक्रीटच्या गाडीबरोबर आलेल्या चलनाचा फोटो कधी ना कधी फिरतोच. ‘फ्लाय ॲश’ या शब्दांभोवती लाल वर्तुळ काढलेले असते. बिल्डर सिमेंटमध्ये राख कालवतो, अशी ओरड सुरू होते आणि पुढची सभा त्यातच जाते.

हा खटला चुकीच्या आरोपीवर आहे. भारतीय मानक १४८९ नुसार पोझोलाना सिमेंटमध्ये औष्णिक वीज केंद्राची राख १५ ते ३५ टक्के असतेच. मानक ४५५ च्या सिमेंटमध्ये पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीतली मळी २५ ते ७० टक्क्यांपर्यंत चालते. खाडीच्या खाऱ्या हवेत सळई गंजण्यापासून वाचवायला नीट मुरलेले असे मिश्र सिमेंट साध्यापेक्षा उजवे ठरते. जुने गवंडी चुन्यात सुरखी घालत, त्यामागचे रसायनही हेच. सिमेंटमधल्या क्लिंकरला, म्हणजे त्याच्या मूळ घटकाला, पाणी मिळाले की चिकट, बळकट जेल तयार होते आणि सोबत विरलेला चुना सुटतो. राख त्या चुन्याला धरून आणखी जेल बनवते. मात्र हे काम ती सावकाश करते, आणि तेही ओल टिकली तरच. आतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली घसरली, की जलसंयोग, म्हणजे पाण्याशी होणारी ही क्रिया, जवळजवळ थांबतो.

राखेने आपले काम केले की ती नुसतीच भरताड म्हणून पडून राहिली, हे कसे कळणार? त्यासाठी उष्मीय विश्लेषण आहे. ठरलेल्या वयाच्या सिमेंट लगद्यातला जलसंयोग आयसोप्रोपेनॉलसारख्या द्रावकाने पाणी काढून थांबवतात. मग चिमूटभर पूड अतिसंवेदनशील तराजूवर ठेवून नायट्रोजनच्या झोतात हजार अंशांपर्यंत तापवतात आणि वजन कुठे, किती घटते ते पाहतात. आधी जेलने धरलेले पाणी जाते. ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान विरलेला चुना फुटतो आणि त्याची वाफ निघते. १८ ग्रॅम वाफ म्हणजे ७४ ग्रॅम चुना, इतका हा हिशेब सरळ आहे. ६०० अंशांच्या पुढे कार्बोनेटचा वायू सुटतो. साध्या सिमेंटात चुना वाढत जातो, राखेच्या सिमेंटात तो आधी वाढतो आणि मग घटू लागतो. ती घट म्हणजे राख कामाला लागल्याची खूण. मात्र क्लिंकरच कमी असल्याने चुनाही मुळात कमी निघतो. म्हणून शेजारी तितक्याच निष्क्रिय पुडीचा लगदा तपासून तुलना करावी लागते, नाहीतर आकडा फसवतो. माती तापवून पाहण्याचे सुरुवातीचे प्रयोग आणि सिमेंटवरचा प्रबंध, दोन्ही १८८७ साली ल शातलिए या एकाच फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने केले. आपले साइट इंजिनिअर त्याला फक्त सिमेंटच्या चाचणीतल्या पितळी साच्याच्या नावाने ओळखतात.

आपण मात्र सगळा भरवसा काँक्रीटच्या चाचणीच्या क्यूबवर ठेवतो. क्यूब २७ अंशांच्या टाकीत २८ दिवस निवांत डुंबतो, आणि त्याच गाडीतला स्लॅब मे महिन्याच्या उन्हात दोन दिवस गोणपाटाखाली राहून तिसऱ्या दिवशी कोरडा पडतो. कागदावर उतरतो तो क्यूबचा आकडा. मुंबई महापालिकेने काँक्रीटच्या रस्त्यांच्या दर्जावर देखरेखीसाठी पवईच्या आयआयटीला नेमले, हे चांगलेच झाले. पण उपनगरांत उभ्या राहणाऱ्या खासगी इमारतींच्या स्लॅबला असा पहारेकरी कुठे आहे?

उद्या कोणी स्लॅबचा तुकडा फोडून पवईला पाठवा म्हणेल, तर तो सल्लाही कच्चाच. काँक्रीटमध्ये बहुतांश खडी आणि वाळू असते. आपल्या बेसाल्टमधली दुय्यम खनिजेही तापल्यावर पाणी सोडतात, त्यामुळे सिमेंटचा हिशेब गढूळ होतो. ही पद्धत खरी बोलते ती निव्वळ लगद्याबाबत, आणि म्हणून तिची जागा तक्रारीनंतर नाही, कामाच्या आधी आहे. मिश्रण मंजूर करतानाच त्याच सिमेंटचे, त्याच राखेचे लगदे करावेत. काही तीन दिवस ओले ठेवून मग उघडे टाकावेत, काही चौदा दिवस ओले ठेवावेत, आणि २८ व्या दिवशी सगळे तापवून पाहावेत. घाईत किती जलसंयोग बुडतो, हे सोसायटीला खड्डा खणण्याआधीच आकड्यात दिसेल. एका पार्किंगच्या जागेच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

मानक ४५६ चे म्हणणे तर उघड आहे: साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी, मिश्र सिमेंटला किमान १०, आणि शक्यतो १४ पर्यंत. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी काढण्याची मुदतही त्यातच आहे. पण ती साध्या सिमेंटसाठी आहे. इतर सिमेंटांसाठी ती बदलून घ्यावी, असे मानक तिथेच सांगते. ती बदलून कोण घेतो? मजल्यामागून मजला चढवण्याच्या शर्यतीत राखेचे सिमेंट वापरायचे आणि टेकू मात्र साध्या सिमेंटच्या तारखेला काढायचे, हा व्यवहार राजरोस चालतो. करारनाम्यात कार्पेट एरिया, कॉर्पस आणि लिफ्टच्या कंपनीसाठी पानेच्या पाने भांडणाऱ्या समित्यांनी दोन ओळी आणखी घालून घ्याव्यात: राखेचे आणि मळीचे प्रमाण प्रत्येक चलनावर छापलेले हवे, आणि टेकू काढण्याची तारीख त्या प्रमाणानुसार सल्लागार अभियंत्याने सहीनिशी द्यायला हवी.